नव्या पालकांसाठी आठ पानं

रॉटरडॅम, ३ फेब्रुवारी

झुल्मिरा,

तुझा नवा पत्ता मागितला तेव्हा फेरमास सरांनी तो लगेच दिला नाही. आधी तिला विचारतो, म्हणाले. त्यात आठ दिवस गेले. काल शाळेच्या फाटकापाशी मुख्याध्यापक महाशयांनी सायकलवरून न उतरताच एक चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि पुढे गेले. म्हणजे तू हो म्हणालीस. त्या ‘हो’वर मी इमले बांधत नाही, पण एक पत्र लिहिण्याएवढी जागा त्यात आहे असं धरून चालते.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी फार गोड बोलते, हे तुझंच म्हणणं. कागदावर निदान खोडलेलं दिसतं.

निमित्त असं आहे. जुनी गोदामं पाडली होती ना, तिथे आता सात मजली इमारत उभी आहे. जानेवारीपासून माणसं राहायला येतायत, बरीचशी तरुण जोडपी, कडेवर किंवा सायकलला पुढे जोडलेल्या खोक्यात दोन-तीन वर्षांची पोरं. त्यांच्या रहिवासी मंडळाचं मला पत्र आलं. कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत मुलं घालावीत की नाही, यावर मी तीन वर्षांपूर्वी लिहिलेली आठ पानं त्यांना कुणीतरी दिली. फार नेमकी आणि प्रामाणिक वाटली म्हणे. तीच आता ताजी करून द्याल का, असं विचारलंय.

ती पानं अजून फिरतायत, झुल्मिरा. मला वाटलं होतं कधीच रद्दीत गेली असतील.

आणि दुसरी गोष्ट तुला कदाचित सरांनी सांगितली असेल. एक एप्रिलच्या आत पहिल्या वर्गासाठी पंधरा नवी नावं आली नाहीत तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडणार नाही. शाळा मंडळाने लेखी कळवलंय.

मी त्या लोकांना हो म्हटलं. मग माझी जुनी वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची. शाळा बघायला जायचे तेव्हा तिच्यात टिपणं करायचे. ती वाचून झाल्यापासून मला तुझ्याशी बोलायचं आहे. क्रमाने सगळं लिहीन, तुला माहीत असलेलंही. तुला काय माहीत आहे ते मला ठाऊक आहे. त्यातलं मला किती कबूल आहे, ते मात्र तुला ठाऊक नाही.

एवढंच आधी सांगते, की त्या आठ पानांत मी एकही खोटी गोष्ट लिहिलेली नव्हती. जे पाहिलं तेच लिहिलं.

फेना बरी आहे. पुढचे दोन दात पडलेत.

यांटीने


रॉटरडॅम, ११ फेब्रुवारी

झुल्मिरा,

उत्तर आलं नाही. यावं असं मी लिहिलंही नव्हतं.

मागच्या पत्राची नक्कल माझ्याकडे नाही, पण शेवटचं वाक्य पाठ आहे. ‘जे पाहिलं तेच लिहिलं.’ आठवडाभर ते बुटातल्या खड्यासारखं टोचतंय.

तर क्रमाने. ही मोहीम तुझी होती. तू खालच्या मजल्यावर, मी वरच्या. निल्दा आणि फेना दोघी साडेतीन वर्षांच्या, दिवसभर जिन्यात. गल्लीतली माझ्यासारखी सगळी माणसं पोरांना सायकलवर घालून बागेपलीकडच्या शाळेत नेत होती, आणि कोपऱ्यावरच्या शाळेत उरत होती तुझ्यासारख्यांची, बाहेरून आलेल्या घरांतली पोरं. तू स्वतः तिथेच शिकलेली, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिथेच मुलं सांभाळायचीस. तुझं म्हणणं साधं होतं. एकट्या आईला भीती वाटते, बारा जणी मिळून गेल्या तर वाटणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात तुझ्या त्या मक्या-घेवड्याच्या कशुपाचं मोठं पातेलं मध्ये ठेवून आपण बारा घरं जमवली. सगळ्यांना शाळेबद्दल काहीतरी लेखी हवं होतं. तूच म्हणालीस, यांटीनेने लिहावं, ती नोकरीत अहवालच लिहिते, आणि तिच्यावर विश्वास ठेवतील.

मी पाच वेळा शाळेत गेले. पटसंख्या, परीक्षेचे निकाल, संडास, वाचनालय, मैदान. चौथ्या भेटीत कोरी बाईंच्या वर्गाबाहेर कोट अडकवायच्या खुंट्यांखाली एक मुलगी बसलेली दिसली. सहा वर्षांची असेल. कानांवर आवाज बंद करणारे मोठे लाल कर्णबंद, मांडीवर चित्रांचं पुस्तक. मी समोरच्या बाकावर बसून घड्याळ लावलं. तिसऱ्या पानावर मी लिहिलं: ‘एका मुलीला चाळीस मिनिटं वर्गाबाहेर बसवलेलं मी पाहिलं. त्या वेळात तिच्याकडे कुणीही आलं नाही.’

त्याच दिवशी संध्याकाळी मी तुला हे सांगितलं, आणि तू हातातलं काम न थांबवता म्हणालीस की ती सिहाम. तिला गोंगाट सोसत नाही. वर्गात आवाज वाढला की ती आपणहून उठते, कर्णबंद घेते आणि बाहेर जाऊन बसते. तिच्या आईशी बोलून कोरी बाईंनी तसं ठरवून दिलंय. पहिल्यांदा बाहेर बसली त्या दिवशी ती शाळेत रडली नाही, हेही तू सांगितलंस.

म्हणजे मला माहीत होतं. ती पानं मी त्यानंतर दोन दिवसांनी वाटली.

तू ती वाचलीस आणि जिन्यात मला विचारलंस, ‘हे वाक्य का ठेवलंस?’ मी म्हटलं, मी पाहिलं ते लिहिलं, कुणी सांगितलेलं नाही लिहिलं. नाहीतर तो अहवाल राहणार नाही, शाळेची जाहिरात होईल. किती व्यवस्थित उत्तर होतं ते. नंतर बारातली दहा घरं गळाली. मग एका घराने, जे कधी शाळेत गेलंही नव्हतं, कोरी बाईंविरुद्ध तक्रार केली. चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही. पण बाई आजारी रजेवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत. एकतीस वर्षांची नोकरी.

आणि निल्दा नऊ मुलांच्या वर्गात बसली.

यांटीने


रॉटरडॅम, २४ फेब्रुवारी

झुल्मिरा,

योस्तने विचारलं, रोज बसून कुणाला लिहितेस. तुझं नाव सांगितलं. नवरा म्हणून तो चांगला आहे, पण या विषयात तो माझ्याच बाजूचा. त्यामुळे त्याचा उपयोग नाही. तो म्हणाला, ‘शाळा काही तुझ्या एका वाक्यामुळे बुडाली नाही.’ खरं असेल. पण ते वाक्य माझं आहे, बाकीचं नाही.

आज उरलेलं लिहून टाकते.

वहीत त्या दिवसाच्या टिपणात एक ओळ आहे. माझंच अक्षर, पेन्सिलीने: ‘दार उघडं. बाईंच्या खुर्चीतून मुलगी दिसते.’ हे तू मला सांगितलेलं नव्हतं, हे मी स्वतः पाहिलेलं होतं. जे पाहिलं तेच लिहायचं होतं, तर हेही लिहायला हवं होतं. आठ पानांत ते नाही. मुद्दाम गाळलं का? गाळताना मुद्दाम असं काही वाटत नाही, एवढंच सांगू शकते. मला वाटलं होतं, परिच्छेद फार लांबतोय.

आता दुसरं. सगळ्यांना वाटलं की अहवाल लिहिता लिहिता माझंच मन फिरलं आणि मग मी फेनाला बागेपलीकडच्या मॉन्टेसरीत घातलं. तुलाही तसंच वाटलं असेल. तसं नव्हतं. फेना एक वर्षाची असतानाच तिचं नाव मी तिथल्या प्रतीक्षायादीत घातलं होतं. आपण घरोघर फिरत होतो, तुझ्या घरी जेवत होतो, तेव्हाही ते नाव यादीत होतं. काढावंसं वाटलं नाही. म्हटलं, असू दे, नंबर थोडाच लागणार आहे. नंबर लागल्याचं पत्र मंगळवारी आलं. सिहाम मला बुधवारी दिसली.

म्हणजे घड्याळ लावून मी त्या बाकावर बसले, तेव्हा माझ्या पिशवीत ते पत्र होतं.

तू घर सोडलंस त्या दिवशी, सामानाची गाडी खाली उभी असताना, तू मला म्हणालीस, ‘तू शाळा तपासायला गेलीच नव्हतीस, यांटीने. निमित्त शोधायला गेली होतीस.’ पत्राचं तुला ठाऊक नव्हतं. तरी तू बरोबर ओळखलंस. मी रागाने वर निघून गेले, कारण मला वाटलं तुला कुणीतरी सांगितलं.

निमित्त कशासाठी, हेही लिहिते, नाहीतर एवढं लिहून उपयोग नाही. पहिल्या भेटीत फेरमास सरांनी मला वर्गाचा फोटो दाखवला होता. पंचवीस मुलं. ते काहीतरी सांगत होते आणि मी त्या फोटोत फेनासारखी किती, ते मोजत होते. दोन. तू शेजारी उभी होतीस. मी मान वर केली तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस आणि तू पटकन सरांना मैदानाबद्दल काहीतरी विचारलंस. मला सावरून घेतलंस. मी लोकांच्या घरी जाऊन ‘आपली मुलं मिसळायला हवीत’ म्हणायचे, आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तरी तू तो कागद मलाच का लिहायला दिलास? हा प्रश्न मी विचारत नाही. सहज लिहिला गेला. खोडत नाही.

यांटीने


रॉटरडॅम, ९ मार्च

झुल्मिरा,

काल कोरी बाईंकडे जाऊन आले.

त्या मासस्लाउसला धरणाच्या भिंतीजवळ एका छोट्या घरात राहतात. आधी कळवलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं, ‘शुक्रवारी तीन ते चार.’ कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद करून कपाटात ठेवला. मला वाटलं होतं त्या थकलेल्या असतील. तशा नाहीत. हात मातीकामाने राठ झालेले. भाड्याच्या वाफ्यात बटाटे लावतात. दुखणंबिखणं काही दिसलं नाही. ते तसं दिसत नसतं, हे निघताना कळलं.

मी तयारी करून गेले होते. सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. वर्गात करायच्या तसाच असेल. मग माझी ती दोन वाक्यं त्यांनी म्हणून दाखवली. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

‘यातला शब्द न् शब्द खरा होता,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून तर मला काही करता आलं नाही. खोटं असतं तर भांडले असते.’

मी दाराबद्दल सांगितलं, वहीतली ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि वही परत केली. त्यांना खुर्चीतून सिहामचे बूट दिसायचे म्हणे. पाय हलत असले की ती ठीक आहे, थांबले की उठून जायचं, असा त्यांचा हिशेब होता. चौकशीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, याची कुठे नोंद आहे का. नोंद नव्हती. बुटांची नोंद कोण ठेवतं?

मग त्यांनी जे सांगितलं त्याची माझी तयारी नव्हती. चाळीस मिनिटं जास्तच होती. आईशी ठरली होती वीस. त्या दिवशी दुसऱ्या एका मुलाने रंग सांडला, त्या गडबडीत त्या विसरल्या. ‘ते माझं चुकलं,’ त्या म्हणाल्या. ‘चौकशीत मी ते बोलले नाही. घाबरले. म्हणजे गाळणारी तू एकटीच नाहीस.’

मला हायसं वाटलं, झुल्मिरा. क्षणभरच, पण वाटलं, आणि त्यांना ते दिसलं. लगेच म्हणाल्या, यात बरं वाटून घेण्यासारखं काही नाही. माझी चूक वीस मिनिटांची, तुझी तीन वर्षांची.

माफी मागू दिली नाही. मागायची तर तिच्याकडे माग जिची मुलगी नऊ जणांत बसली, म्हणाल्या. नव्या कागदात काय लिहिणार ते मात्र खोदून विचारलं. मी म्हटलं, शाळेचं चांगलं लिहीन. त्यावर त्या पहिल्यांदा चिडल्या. चांगलं कशाला? छप्पर गळतं, लिहिलं होतंस? चौथीच्या वर्गाला एका वर्षात चार शिक्षक झाले, लिहिलं होतंस? हुशार मुलांना पुढचं काही द्यायला कुणाला वेळ नाही, ती कंटाळतात, हे लिहिलं होतंस? त्यातलं काही मी लिहिलं नव्हतं. बघितलंच नव्हतं. मला जे हवं होतं ते चौथ्या भेटीत मिळाल्यावर पाचव्या भेटीत मी वीस मिनिटांत परतले होते.

चारला त्या उठल्या. दारात म्हणाल्या, सकाळी साडेआठ वाजले की अजून अंगावर काटा येतो. पूर्वी त्या वेळी वर्गाचं दार उघडायचे. मला वाटलं त्या मला बोल लावतायत. तसं नव्हतं, सांगण्यासारखं दुसरं माणूस त्यांना त्या दिवशी भेटलं नसावं.

यांटीने


रॉटरडॅम, २९ मार्च

झुल्मिरा,

नवी पानं झाली. सहा भरली. पण आधी शाळेचं.

फेरमास सर मला बघून म्हणाले, ‘तुम्ही? परत?’ मग म्हणाले, या, आता आमचं आणखी काय जाणार. तीन दिवस पूर्ण बसले, सकाळी साडेआठ ते तीन, जेवणाच्या सुट्टीसकट. तुझ्या जागी आता एक निवृत्त ट्रामचालक येतो. मुलं त्याचं ऐकत नाहीत. तुझ्यासारखं कुणी एका नजरेत फेकायला उगारलेला पाव खाली ठेवायला लावत नाही.

छप्पर गळतं. बादल्या ठेवल्यात, त्यांवर मुलांनी मासे रंगवलेत. दोन वर्ग एकत्र केलेत. पाचवीतला एक मुलगा गणिताची वही दहा मिनिटांत संपवून अर्धा तास खिडकीबाहेर बघत होता. त्याचं मी घड्याळ लावलं, आणि मग बाईंना जाऊन विचारलंही. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, लाज वाटते, पण दोनच हात आहेत. तेही लिहिलं, त्यांच्या शब्दांत, त्यांना दाखवून.

नव्या पालकांना शाळा मुलंच फिरवून दाखवतात. दुसऱ्या दिवशी माझ्या वाट्याला दोघी आल्या, त्यातली एक उंच, वेणी घातलेली, भरभर बोलणारी. नाव विचारलं तर सिहाम. नऊ वर्षांची झालीय. तिने मला ओळखलं नाही, का ओळखावं? वाचनालय दाखवलं, कुठला नळ गळतो ते दाखवलं, कुठल्या बाई रागावतात तेही. व्हरांड्यात आलो तेव्हा खुंट्यांखालच्या जागेकडे हात करून म्हणाली, ‘इथे कुणीपण शांत बसू शकतं. मला आधी लागायचं. आता नाही लागत, आता मीच बोलत असते.’ दुसरी हसली. म्हणाली, हो, आता आम्हालाच कर्णबंद लागतात. दोघी पुढे गेल्या आणि मला पाठोपाठ जायला जरा वेळ लागला.

गेल्या आठवड्यात गुरुवारी नव्या इमारतीच्या तळमजल्यावर बैठक झाली. सतरा घरांतली माणसं. मी पानं वाटली नाहीत, वाचून दाखवली. पहिल्या पानावर जुन्या अहवालाबद्दल लिहिलंय: मी काय पाहिलं, काय लिहिलं, काय गाळलं, आणि ते गाळलं तेव्हा माझ्या पिशवीत कुठलं पत्र होतं. फोटोतली मुलं मोजली तेही. तुझं नाव घातलं नाही.

पुढे बसलेल्या एका गरोदर बाईने शांतपणे विचारलं, ‘आता तुमची मुलगी कुठे जाते?’

म्हटलं, बागेपलीकडे. अजूनही. सात वर्षांची आहे, मैत्रिणी आहेत, तिला आता उपटून आणायचं तर ती माझी चूक तिने फेडायची, असं होईल.

मागून एक जण म्हणाला, ‘म्हणजे ही शाळा आमच्या मुलांना चालेल, तुमच्या नाही.’ एक-दोघं हसले.

मी म्हटलं, हो, मी तसंच वागले. म्हणून माझं ऐकू नका. सकाळी साडेआठला शाळेत जा आणि स्वतः बसा. दार उघडं असतं.

सोमवारी अकरा माणसं गेली. सरांनी मला फोन करून एवढाच आकडा सांगितला.

यांटीने


रॉटरडॅम, २४ एप्रिल

झुल्मिरा,

तुझं कार्ड आलं. पुढे डॉर्ड्रेख्टच्या मोठ्या देवळाचं चित्र, मागे तीन ओळी. ‘सगळी पत्रं वाचली. शनिवारी निल्दाचा वाढदिवस आहे, फेनाला पाठव. तू येऊ नकोस, अजून नको.’ मी ते योस्तला दाखवलं नाही. तो म्हणाला असता, बघ, सगळं ठीक झालं. तसं या तीन ओळींत कुठेही लिहिलेलं नाही.

शाळेचं तुला कळलं असेलच. पंधरा नावं हवी होती, नऊ आली. सर मंडळाकडे वर्षभराची मुदत मागायला गेले, त्यांच्याबरोबर ती नऊ घरं गेली, सिहामची आई गेली, मीही गेले. मंडळाच्या अध्यक्षबाई सभ्यपणे बोलल्या. नऊ हा चांगला आकडा आहे, म्हणाल्या, पण तीन वर्षं उशिरा आलेला. जुलैत शाळा बंद. मुलं आणि तीन शिक्षक कालव्यापलीकडच्या सरकारी शाळेत जातील. नऊच्या नऊ घरांनी मात्र ठरवलंय की पोरांना त्यांच्याबरोबर तिकडेच घालायचं, एकत्र. ती गरोदर बाई त्यांची पुढारी झालीय. तिला माझी गरज नाही, हे मला फार बरं वाटतं.

बाहेर पडल्यावर सर म्हणाले, ‘हा कागद तेव्हा असता तर...’ आणि सायकलवर बसले. मीही ते वाक्य त्यांच्यासाठी पुरं केलं नाही.

कोरी बाईंना मी नवी पानं टपालाने पाठवली होती. परत आली. समासात लाल पेनने दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्यात. बाकी काही नाही.

आता फेनाबद्दल, कारण ती तुझ्याकडे येतेय. ती नवी पानं टेबलावर होती आणि बाईसाहेबांना आता वाचता येतं. रविवारी पावावर चॉकलेटचे दाणे पेरता पेरता तिने विचारलं, ‘आई, मी निल्दाच्या शाळेत का नव्हते?’ मी गोड उत्तर शोधत होते. मग म्हटलं, मला भीती वाटली.

‘कसली?’

म्हटलं, तिथल्या मुलांची. ती तुझ्यासारखी दिसत नव्हती, म्हणून.

ती म्हणाली, ‘पण ती मुलं म्हणजे निल्दाच ना?’

मी हो म्हटलं. तिने पाव खाल्ला नाही, ताट ढकललं आणि जिन्यात जाऊन बसली. मी मागे गेले नाही. दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि अजूनही मला ती अधूनमधून नीट निरखून बघते, नवीन माणसाकडे बघावं तशी. ते मला सोसायला हवं. वयाच्या सातव्या वर्षी तिला हे कळायला नको होतं, असं योस्तला वाटतं. मला माहीत नाही. निल्दाला ते चौथ्या वर्षीच कळलं असेल.

हे पत्र फेनाच्याच हाती देतेय. शनिवारी मी तिला स्टेशनवर तुझ्या बहिणीच्या ताब्यात देईन, तिच्याशी फोनवर ठरल्याप्रमाणे, आणि सहाला तिथेच घ्यायला येईन. तुझ्या गल्लीकडे फिरकणार नाही. तिला शेंगदाणे चालत नाहीत, बाकी सगळं खाते. कशुपा तिला आठवतो की नाही कोण जाणे, पण तो नाव काढून मागायला लावू नकोस, लाजते.

आपण बोलणं का सोडलं, हे ती तुला विचारेल. तिने तसं मला आधीच सांगून ठेवलंय. माझ्याकडचं सगळं मी तिला सांगितलंय, काही गाळलेलं नाही. तुझ्या वतीने मात्र एक शब्द बोलले नाही. तो तू सांग, किंवा सांगू नकोस.

यांटीने